स्कॉच व्हिस्की : औषध ते आवड

महाराष्ट्रात मद्य प्यायला परवाना लागतो. दुकानात बाटलीबरोबर हातात ठेवल्या जाणाऱ्या एका दिवसाच्या परवान्यामुळे हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण हा परवाना मुळात कशासाठी असतो, हे फार थोडे लोक वाचतात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात चक्क आरोग्यासाठीच्या परवान्याची तरतूद आहे. स्वतःच्या आरोग्याच्या रक्षणासाठी ज्याला विदेशी मद्याची गरज आहे, त्याला तो द्यावा असे कायदा म्हणतो!

हसू येणे साहजिक आहे. पण कायदा लिहिणाऱ्यांनी ही कल्पना हवेतून काढलेली नव्हती. व्हिस्की आणि वैद्यक यांचे नाते पाचशे वर्षांहून जुने आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे डॉक्टर मंडळी व्हिस्कीच्या बाजूने उभी होती. आज दवाखान्यात लिव्हरचा रिपोर्ट समोर असताना "डॉक्टर, मी देशीला हात लावत नाही. फक्त स्कॉच, तीही बारा वर्षांची," असे सांगणारे पेशंट भेटतात. त्यांच्या त्या वाक्यामागेही हाच इतिहास आहे. चांगली स्कॉच म्हणजे काय, ती का चांगली मानली जाते आणि त्या चांगलेपणाचा शरीराशी संबंध किती, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची सरमिसळ कशी झाली ते आज पाहू.

न्हाव्यांच्या हातातली व्हिस्की

स्कॉटलंडमधील व्हिस्कीचा सर्वांत जुना लेखी पुरावा आहे राजाच्या हिशेबवहीतला. १४९४ सालच्या त्या नोंदीत जॉन कॉर नावाच्या एका ख्रिस्ती साधूला आठ 'बोल' माल्ट दिल्याचे लिहिले आहे. बोल हे धान्याचे जुने माप. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आपण मटकीला मोड आणतो तशीच. हे माल्ट कशासाठी? तर 'अॅक्वा व्हिटे' बनवण्यासाठी. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'जीवनजल'. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत त्याचेच 'उश्के बाहा' झाले आणि त्यातल्या पहिल्या शब्दाचा अपभ्रंश होत होत 'व्हिस्की' उरली. म्हणजे नावातले जीवन गळून गेले, फक्त पाणी राहिले.

ऊर्ध्वपातनाची विद्या तेव्हा मठांत आणि वैद्यांकडे असे. वनस्पतींचे अर्क काढायला आणि ते टिकवायला मद्यार्क उपयोगी पडे. १५०५ साली एडिनबर्ग शहराने शल्यचिकित्सक आणि न्हावी यांच्या संघाला मान्यता दिली. आजचे एडिनबर्गचे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स हे त्याच संघाचे वारस. त्या काळी दाढी करणे, रक्त काढणे, गळू फोडणे ही सगळी एकाच वस्ताऱ्याची कामे होती. या संघाला मिळालेल्या अधिकारांत एक असाही होता की, शहरात अॅक्वा व्हिटे बनवण्याचा आणि विकण्याचा हक्क फक्त त्यांचाच. सर्जन लोकांकडे दारूची मक्तेदारी!

ती व्हिस्की आजच्यासारखी मुळीच नव्हती. भट्टीतून उतरलेली पाण्यासारखी स्वच्छ, तिखट दारू. पिंपात मुरवण्याची पद्धत नव्हती. जिभेला सुसह्य व्हावी म्हणून तिच्यात मध किंवा वनौषधी घालत. १५७७ साली प्रसिद्ध झालेल्या होलिनशेडच्या बखरीत अॅक्वा व्हिटेच्या गुणांची लांबलचक यादी आहे. म्हातारपण लांबते, पचन सुधारते, कफ सुटतो, मुतखड्यावर गुण येतो, असे बरेच काही. तिथेही 'बेताने घेतल्यास' ही अट घातलेली आहे. ती अट तेव्हाही किती जणांनी वाचली असेल, देव जाणे.

लोकांना हे पटत असे, कारण प्यायल्यावर लगेच काहीतरी जाणवते. छातीत ऊब येते, चेहरा लाल होतो, दुखणे थोडे बोथट होते. यातली ऊब ही शुद्ध फसवणूक आहे. मद्यार्काने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. आतले गरम रक्त कातडीकडे येते, म्हणून आपल्याला उबदार वाटते, पण त्याच वेळी शरीराची उष्णता बाहेर निघून जात असते. थंडीने गारठलेल्या माणसाला ब्रँडी किंवा व्हिस्की पाजणे म्हणूनच धोक्याचे आहे. जखम धुण्याचेही तसेच. जंतुनाशक म्हणून साधारण ७० टक्के मद्यार्क लागतो. ४० टक्क्यांची व्हिस्की त्या कामाला फारच सौम्य पडते.

कर, चोर आणि चव

वैद्यांची मक्तेदारी फार काळ टिकली नाही. घरोघरी, शेतावर भट्ट्या लागल्या. १६४४ साली स्कॉटिश संसदेने युद्धाच्या खर्चासाठी व्हिस्कीवर पहिला अबकारी कर बसवला आणि तिथून पुढची जवळपास दोनशे वर्षे सरकार आणि भट्टीवाले यांच्यात लपंडाव चालू राहिला. १७२५ मध्ये माल्टवरच्या करामुळे ग्लासगोत दंगल झाली.

या लपंडावातली एक गोष्ट चवीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी दक्षिणेकडच्या लोलँड भागात भट्टीच्या आकारमानावर कर आकारला जाऊ लागला. भांडे केवढे त्यावर कर, मग त्यातून दारू कितीही काढा. साहजिकच कायदेशीर कारखानदारांनी उथळ, पसरट भांडी बनवली आणि काही मिनिटांत एक घाणा काढून दुसरा लावायला सुरुवात केली. अशा घाईत मद्य करपते. शिवाय भट्टीतून पहिल्यांदा येणारा उग्र भाग आणि शेवटचा जड, तेलकट भाग बाजूला काढायला सवड राहत नाही. चांगला डिस्टिलर या दोन्ही टोकांना वगळून फक्त मधला भाग ठेवतो, त्याला 'हार्ट' म्हणतात. गोव्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. काजूची पहिल्या धारेची उर्राक आणि पुन्हा उतरवलेली फेणी यांतला फरक त्यांना नाकाने कळतो. माल्ट व्हिस्कीदेखील सहसा दोनदाच उतरवतात.

उत्तरेकडच्या हायलँडच्या डोंगरात चोरून गाळणाऱ्यांना भांड्यावर कर भरायचा नव्हता, त्यामुळे ते सावकाश गाळत. परिणाम असा की बेकायदा व्हिस्की चांगली आणि कायदेशीर व्हिस्की वाईट. राजा चौथा जॉर्ज १८२२ मध्ये एडिनबर्गला आला, तेव्हा त्याने मागितली ती ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यातली व्हिस्की, म्हणजे चोरीचीच!

पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, सरकारने शहाणपण दाखवले. दहा पौंड वार्षिक शुल्क आणि परवडेल असा कर ठेवला. त्याच ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये परवाना घेतला. शेजारचे चोरटे भट्टीवाले एवढे भडकले की त्याला जिवाच्या भीतीने कमरेला दोन पिस्तुले लावून फिरावे लागले.

वाण्यांनी केलेले मिश्रण

आज बाटलीवर जी नावे आपण वाचतो, त्यातली बरीचशी किराणा दुकानदारांची आहेत. जॉन वॉकर किल्मारनॉकचा वाणी. शिवास बंधूंचे अॅबर्डीनला दुकान. चहाच्या वेगवेगळ्या पत्ती मिसळून दरवेळी सारख्या चवीचा चहा देणे हे त्यांच्या धंद्याचे रोजचे काम होते. तेच त्यांनी व्हिस्कीवर केले.

त्याला कारण घडले ते यंत्राचे. १८३० मध्ये इनियस कॉफी याने अखंड चालणाऱ्या भट्टीचे पेटंट घेतले. हा गृहस्थ आयर्लंडच्या अबकारी खात्यातून निवृत्त झालेला अधिकारी होता, हे विशेष. या भट्टीतून मका किंवा गहू यांसारख्या धान्यांपासून स्वस्त, सौम्य 'ग्रेन व्हिस्की' भरपूर मिळू लागली. तिच्यात चवीपुरती माल्ट व्हिस्की मिसळली की झाली 'ब्लेंडेड'. एडिनबर्गच्या अँड्र्यू अशरने १८५० च्या दशकात या कलेचा पाया घातला. त्यानंतर फ्रान्सच्या द्राक्षबागांवर फायलॉक्सेरा किडीने धाड घातली, ब्रँडीचा तुटवडा पडला आणि इंग्रज साहेबांच्या ग्लासात स्कॉच-सोडा आला. तिथून तो क्लबांमधून आपल्या मुंबई-पुण्यात उतरला.

ब्रँडच्या नावाला किंमत येण्यामागे भीतीसुद्धा होती. १८७२ साली ग्लासगोच्या एका दैनिकाने गुत्त्यांमधले व्हिस्कीचे नमुने रसायनतज्ज्ञाकडून तपासून घेतले. त्यात मिथिलेटेड स्पिरिटसारखी भेसळ सापडली. त्यातले मिथेनॉल किती घातक असते ते आपल्याला वेगळे सांगायची गरज नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल बनते. ते आधी दृष्टीवर घाला घालते, मग जिवावर. आदल्या दिवशी दारू घेतलेल्या माणसाला डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरेपणा दिसू लागला, तर हँगओव्हर समजून घरी थांबू नका. तासाभराचा उशीरही महागात पडतो.

तर सीलबंद बाटली ही मुळात या भीतीवरचा उपाय होती. 'चांगली दारू नुकसान करत नाही' या समजुतीत एवढाच सत्याचा अंश आहे. चांगल्या बाटलीत वेगळे विष नसते. जे इथेनॉल असायचे, ते मात्र पुरेपूर असते.

बारा वर्षांचे गूढ

आता पेशंटच्या त्या बारा वर्षांकडे येऊ. १९०५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातील नगर परिषदेने काही दुकानदारांवर खटला भरला. बहुतांश ग्रेन व्हिस्की असलेले मिश्रण तुम्ही 'व्हिस्की' म्हणून विकता, ही फसवणूक आहे, असा आरोप होता. प्रश्न इतका चिघळला की 'व्हिस्की म्हणजे काय' हे ठरवायला सरकारला रॉयल कमिशन नेमावे लागले. १९०९ मध्ये कमिशनने निकाल दिला : माल्टही व्हिस्की, ग्रेनही व्हिस्की, मिश्रणही व्हिस्की. किती वर्षे मुरवायची याची सक्ती करायला मात्र त्यांनी नकार दिला.

ती सक्ती आली ती चवीच्या आग्रहाने आलीच नाही. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार दारूमुळे कामावर येत नाहीत, म्हणून लॉइड जॉर्ज हैराण झाले होते. स्वतः दारूच्या विरोधातले. जर्मनीपेक्षा दारू हा मोठा शत्रू आहे असे त्यांचे मत. त्यांना कडक दारूबंदी किंवा जबर कर हवा होता. तडजोड म्हणून १९१५ चा कायदा झाला : कच्ची, ताजी व्हिस्की माणसाला जास्त बेभान करते, तेव्हा दोन वर्षे गोदामात ठेवल्याशिवाय विकायची नाही. वर्षभरात दोनाची तीन झाली. १९१७ मध्ये पाणी घालून तीव्रता ४० टक्क्यांवर आणायला लावली. आज स्कॉचची व्याख्या सांगताना अभिमानाने उच्चारले जाणारे 'किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात' आणि 'किमान ४० टक्के' हे दोन्ही आकडे असे युद्धकाळातल्या आरोग्य-चिंतेतून आलेले आहेत. स्कॉचला तिचे मोठेपण बऱ्याच अंशी तिच्या विरोधकांनी मिळवून दिले, असे मला तरी वाटते.

पिंपात होते काय? आतून जाळलेल्या ओकचा कोळसा गंधकाचे उग्र वास शोषतो. लाकडातून व्हॅनिलीन उतरते, म्हणून व्हॅनिलाचा वास. ओकमधल्या इतर द्रव्यांमुळे खोबऱ्यासारखा गंध येतो. आधी शेरी वाइन ठेवलेले पिंप असेल तर मनुका, सुके अंजीर. लाकडातून हवा झिरपते आणि मद्यातल्या घटकांची हळूहळू नवी जुळणी होते. दरवर्षी साधारण दोन टक्के मद्य उडून जाते, त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. गोव्याच्या उष्ण हवेत हा वाटा कितीतरी मोठा असतो. म्हणून गोव्यात बनणारी पॉल जॉन किंवा बंगळूरची अमृत ही सिंगल माल्ट थोड्याच वर्षांत मुरते. तिथे बारा वर्षे थांबले तर पिंपात फारसे काही उरायचे नाही! वय हा आकडा हवामान सोडून वाचता येत नाही.

गडद रंग पाहून वय ठरवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्कॉचच्या नियमांनुसार तिच्यात पाणी आणि साधे कॅरॅमल एवढेच घालता येते. हे कॅरॅमल फक्त रंगासाठी असते.

लिव्हरच्या दृष्टीने या सगळ्याचा हिशेब सोपा आहे. बारा वर्षांत वास बदलला, रंग बदलला, किंमत तर बदललीच. इथेनॉल तेच राहिले. लिव्हर त्याचे आधी अॅसिटाल्डिहाइड हे त्रासदायक द्रव्य करते आणि मग ते निकामी करते. ही प्रक्रिया बाटलीची किंमत पाहून वेगाने होत नाही.

डॉक्टरांनी हात काढून घेतला

१९१६ मध्ये अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतून व्हिस्की आणि ब्रँडी वगळल्या गेल्या. १९१७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्याला औषध म्हणून शास्त्रीय आधार नाही असा ठराव केला. तीन वर्षांत देशभर दारूबंदी आली आणि काय चमत्कार! औषधी व्हिस्कीला सूट होती, तेव्हा अमेरिकन डॉक्टरांना तिचे गुण पुन्हा दिसू लागले. सरकारी छापील फॉर्मवर प्रिस्क्रिप्शन लिहायचे, पेशंटने ते फार्मसीत न्यायचे. डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोटारीची धडक बसलेल्या विन्स्टन चर्चिल यांना तिथल्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी प्रसिद्ध आहे. अपघातातून बरे होण्यासाठी जेवणाच्या वेळी मद्य आवश्यक, किमान २५० घनसेंटिमीटर, असे तिच्यात लिहिले होते. कमाल किती, ते लिहिलेले नव्हते.

याच काळात आयला बेटावरच्या लाफ्रॉइगने आपली व्हिस्की अमेरिकेत औषध म्हणून विकल्याचे सांगतात. अधिकाऱ्यांनी नुसता वास घेतला आणि हे कोणी हौसेने पिणार नाही म्हणून मान्य केले, असा तो किस्सा. खरेखोटे कसेही असो, वासाची गोष्ट पटण्यासारखी आहे. आयलाच्या बऱ्याच डिस्टिलरींत बार्ली वाळवायला पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेला वनस्पतींचा थर. त्याच्या धुरात फिनॉल गटातली द्रव्ये असतात. आणि फिनॉल म्हणजेच ते कार्बोलिक आम्ल, जे जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जखमांवर वापरून आधुनिक निर्जंतुक शस्त्रक्रियेची सुरुवात केली. जुन्या हॉस्पिटलांचा तो विशिष्ट वास याचाच. आयलाची व्हिस्की पहिल्यांदा हुंगणारे 'बँडेजसारखा वास येतो' म्हणतात, त्यात काही चूक नाही. औषधी गुण मात्र त्या वासात नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस 'थोडी घेतली तर हृदयाला बरी' हे मत पुन्हा जोरात होते. त्या अभ्यासांतली एक मोठी अडचण नंतर लक्षात आली. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजलेले असत, त्यामुळे बेताने पिणारे त्यांच्यापेक्षा निरोगी दिसत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले आहे. २०२३ मध्ये आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की मद्याची पूर्ण सुरक्षित अशी मात्रा नाही. तेव्हा हृदयासाठी म्हणून कोणी सुरू करणार असेल तर करू नये. चालायला जावे.

मग उरते ती चव

औषध म्हणून बाद झाल्यावर व्हिस्कीत काय राहिले? वास आणि चव. रसिकांनी नेमके तेच पकडले. १९६३ मध्ये ग्लेनफिडिकने एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की स्कॉटलंडबाहेर जोमाने विकायला सुरुवात केली. तोवर जग ब्लेंडेडच पीत होते. १९७० च्या दशकात एडिनबर्गच्या पिप हिल्स यांनी मित्रांमध्ये वर्गणी काढून एक अख्खे पिंप विकत आणले आणि आपसात वाटून घेतले. मित्रांचे मित्र मागू लागले. त्यातून १९८३ मध्ये स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी उभी राहिली. या मंडळींची एक पद्धत मला फार आवडते : बाटलीवर डिस्टिलरीचे नावच नाही. फक्त दोन आकडे, एक डिस्टिलरीचा, एक पिंपाचा. आणि वासाचे वर्णन. नाव पाहून मान डोलवायची सोय नाही, नाकाला विचारावे लागते.

मित्रांत बसून व्हिस्की निवडायची असेल तर हीच युक्ती घरी करता येते. एकाने बाटल्या कागदात गुंडाळाव्यात. महाग आणि साधी अशा दोन्ही ठेवाव्यात. उत्तर पाहून पुष्कळदा हशा पिकतो.

प्रदेशांची नावे सुरुवातीला दिशा दाखवायला ठीक आहेत. स्पेसाइडच्या बहुतेक व्हिस्की फळांच्या आणि गोडसर, लोलँडच्या हलक्या, आयलाच्या धुरकट, कॅम्पबेलटाउनच्या किंचित खारट. हायलँड इतका पसरलेला आहे की त्याबद्दल एका शब्दात काही सांगता येत नाही. पण पिंप कोणते होते यावरून अनेकदा प्रदेशापेक्षा जास्त कळते. लेबलवर 'सिंगल माल्ट' म्हणजे एका डिस्टिलरीची, फक्त मोड आलेल्या बार्लीची. वयाचा आकडा हा बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो, सरासरीचा नव्हे. बाटलीत भरल्यावर वय वाढत नाही. आजोबांनी कपाटात ठेवलेली बारा वर्षांची बाटली आजही बाराचीच.

ग्लास वर निमुळता असावा. नाक थोडे दूर ठेवून, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. लागोपाठ हुंगले तर नाक थकते, मिनिटभर थांबावे. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो, म्हणून घोट गिळल्यावर श्वास नाकाने सोडावा. सर्दी असताना किंवा कोविडनंतर वास गेलेला असताना महागडी बाटली उघडण्यात अर्थ नाही. आणि पाण्याला लाजू नका. 'नीट' पिणे हा पुरुषार्थ नाही. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवले की धुरकट वास देणारा ग्वायकॉल हा रेणू मद्यार्क ४५ टक्क्यांच्या खाली असताना पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाच्या जवळ. पिंपाच्या मूळ तीव्रतेची, ५५-६० टक्क्यांची बाटली असेल तर पाणी हवेच. बर्फाने मात्र वास दबतो.

आता मात्रा. आपल्याकडचा लार्ज पेग ६० मिलीचा. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीत त्यातून सुमारे १९ ग्रॅम इथेनॉल पोटात जाते. भारतात भरलेल्या ४२.८ टक्क्यांच्या बाटलीतून २० ग्रॅम. लिव्हर तासाला ढोबळमानाने ७-८ ग्रॅम निस्तरते, म्हणजे एका लार्जला अडीच तास. ब्रिटनच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त १४ युनिट सांगितले. त्या हिशेबात एक लार्ज जवळपास अडीच युनिट होतो. चार जणांनी चार प्रकार चाखायचे, तर प्रत्येकाला प्रत्येकी १० मिली पुरते. वासासाठी तेवढे भरपूर आहे आणि संध्याकाळ संपताना एकूण ४० मिली होतात. ३० मिलीचा स्मॉल समजून अंदाजाने ओतलेले पेग मोजून पाहा, एकदा इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, डोळे उघडतील. पोटात अन्न असावे, शेजारी पाण्याचा ग्लास असावा, परत नेणारा न पिणारा असावा.

गरोदर स्त्रिया, लिव्हर किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेले, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे आणि ज्यांची दारू एकदा हाताबाहेर गेली होती असे लोक, यांच्यासाठी १० मिलीसुद्धा नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर रात्री झोपेत धोकादायक खाली जाऊ शकते. त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, आणि खरे बोलावे.

अशा मित्राला मैफलीतून उठवायचे मात्र कारण नाही. स्कॉटलंडमध्ये ज्यांच्या निर्णयावर लाखो बाटल्या ठरतात ते मास्टर ब्लेंडर नमुना पाणी घालून २० टक्क्यांच्या आसपास आणतात आणि बहुतेक काम फक्त हुंगून करतात. दिवसाला असे कितीतरी नमुने पाहायचे असतात, प्यायला लागले तर दुपारपर्यंतही टिकणार नाहीत. तेव्हा फॅटी लिव्हरवाल्या मित्राच्या हातातही ग्लास द्या. त्याने हुंगावे, काय आठवते ते सांगावे, आणि ग्लास पुढच्याकडे सरकवावा.